वाइलहाइम ते गार्मिश: हिवाळ्यासाठी चाके आणि टायर निवडण्याच्या प्रकल्प नोंदी

१५ सप्टेंबर २०२४, वाइलहाइम (दक्षिण जर्मनी)

यंदाच्या वसंतात घेतलेली २०१७ सालची श्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी आमच्याकडे पहिलाच हिवाळा पाहणार आहे, म्हणून आज अंगणात गाडी उभी करून चारही टायर नीट तपासले. गाडीबरोबर मिळालेले टायर २२५/४५ आर १७ मापाचे, बारमाही वापराचे आहेत. त्यांच्या बाजूच्या भिंतीवर ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरे ठळक उमटवलेली आहेत, परंतु तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण दाखवणारे आल्पाइन चिन्ह चारांपैकी एकाही टायरवर नाही. टायर कधी बनला हे सांगणाऱ्या डॉट संकेतांकाचे शेवटचे चार अंक ३८१६ आहेत. म्हणजे हे टायर २०१६ सालच्या ३८ व्या आठवड्यात तयार झाले आणि आता त्यांना आठ वर्षे पूर्ण होत आहेत.

या दोन गोष्टींमुळे निर्णय पुढे ढकलता येण्यासारखा राहिलेला नाही. जर्मनीत हिवाळी टायरची सक्ती तारखेवर नव्हे, तर रस्त्याच्या अवस्थेवर ठरते: रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल, गोठलेला थर किंवा गोठलेले दव असेल, तर योग्य टायर नसलेली गाडी चालवता येत नाही. योग्य टायर कोणता, याची व्याख्या २०१७ साली बदलली आणि २०१८ च्या आरंभापासून तयार होणाऱ्या टायरवर आल्पाइन चिन्ह आवश्यक झाले. त्यापूर्वी तयार झालेल्या, केवळ ‘एम+एस’ लिहिलेल्या टायरना ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत सवलत होती. ही सवलत आता संपत आली आहे आणि १ ऑक्टोबरपासून आमचे टायर कायद्याच्या दृष्टीने हिवाळी राहणार नाहीत. दंड ६० युरो आणि फ्लेन्सबुर्गच्या वाहतूक-नियमभंगांच्या नोंदवहीत चालकाच्या नावावर एक दोषगुण असा आहे. वाहतुकीला अडथळा झाल्यास ८० युरो. आणि गाडी दुसऱ्याला अशा अवस्थेत चालवू देणाऱ्या मालकालाही ७५ युरो आणि एक दोषगुण.

मात्र दंड हे माझे मुख्य कारण नाही. माझी पत्नी गार्मिश-पार्टेनकिर्शेनच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि सकाळच्या पाळीसाठी ती पहाटे पाचच्या आधी घरून निघते. त्या वेळी बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकणारी वाहने सगळ्या रस्त्यांवरून फिरलेली असतातच असे नाही. या सर्व नोंदी त्या पहाटेच्या रस्त्यासाठी आहेत.

१८ सप्टेंबर

टायर निवडण्याआधी रस्ता लिहून काढावा, असे मी ठरवले. कारण हिवाळी टायर म्हटले की डोळ्यांपुढे गुडघाभर बर्फ येतो आणि खरेदी त्या चित्रासाठी होते, रस्त्यासाठी नाही. आमचा नेहमीचा रस्ता वाइलहाइमहून मुर्नाऊमार्गे लोइझाख नदीच्या खोऱ्यातून गार्मिशला जातो. वाइलहाइम समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आणि गार्मिश ७०० मीटरवर आहे, त्यामुळे चढ फारसा नाही. नोव्हेंबर ते मार्च या काळात या रस्त्यावर सर्वाधिक वेळा काय असते, तर शून्य ते सहा अंश तापमानातले ओले डांबर. त्याखालोखाल मुर्नाऊच्या दलदलीशेजारच्या पट्ट्यात पहाटेचे धुके आणि त्यातून गोठणारा ओलावा. दाबून घट्ट झालेला बर्फ त्यानंतर येतो. खोल, ताजा बर्फ वर्षातून काही मोजक्याच दिवशी पडतो. पण पडतो तेव्हा तो २ डिसेंबर २०२३ सारखाही असू शकतो. त्या दिवशी म्युनिकचे विमानतळ आणि रेल्वे दोन्ही ठप्प झाले होते.

यासोबत सुटीच्या दिवशी मिटेनवाल्ड, शार्निट्झ आणि झेफेल्डमार्गे ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला जाणे असते. झेफेल्डहून त्सिर्लकडे उतरणारा त्सिर्लर बेर्ग हा सुमारे १५ टक्के उताराचा घाट आमच्या सगळ्या रस्त्यांत सर्वांत अवघड आहे.

आकडे मांडून पाहिले. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. या वेगावरून थांबायला लागणारे अंतर, चालकाचा प्रतिक्रियाकाळ सोडून, घर्षणगुणांकावर, म्हणजे टायरची रस्त्यावर किती पकड आहे हे सांगणाऱ्या आकड्यावर अवलंबून असते. कोरड्या डांबरावर तो ०.८ धरला तर १२ मीटर लागतात. घट्ट बर्फावर चांगल्या हिवाळी टायरचा गुणांक ०.३ धरला तर ३३ मीटर. तोच निम्म्यावर, म्हणजे ०.१५ वर आला तर ६६ मीटर, आणि गोठलेल्या थरावर ०.१ असेल तर जवळजवळ शंभर मीटर. शेवटच्या आकड्यावर टायर बदलून फार मोठी सुटका होत नाही, तिथे वेग कमी करणे हाच उपाय आहे. परंतु ३३ आणि ६६ यांमधला फरक टायरच्या निवडीचा आहे, आणि तेवढ्या अंतरात पादचारी रस्ता ओलांडत असतो.

शेजारच्यांचे मत होते की पुढच्या वेळी चारही चाकांना ओढ असणारी गाडी घ्यावी. तशी गाडी बर्फातून निघताना आणि चढ चढताना निश्चित उपयोगी पडते; परंतु ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबण्याचे अंतर त्याने कमी होत नाही. आधी टायर.

२२ सप्टेंबर

आज बारमाही की हिवाळी, हा प्रश्न निकालात काढला.

उन्हाळी टायरचे रबर थंडीत कडक होते आणि डांबराच्या बारीक खडबडीतपणात शिरत नाही. हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबराचा वाटा जास्त असतो आणि सिलिका असते, त्यामुळे ते गोठणबिंदूच्या खालीही लवचीक राहते. दुसरा भाग नक्षीचा. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ज्या असंख्य बारीक चिरा असतात, त्या ब्रेक दाबताना किंचित उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. रुंद खाचांमध्ये मात्र बर्फ मुद्दाम अडकू दिला जातो, कारण बर्फावर बर्फाची पकड रबराच्या पकडीपेक्षा चांगली असते. या लवचीकपणाची किंमत जुलैमध्ये मोजावी लागते: तापलेल्या डांबरावर ते ठोकळे डुलतात, लवकर झिजतात आणि थांबण्याचे अंतर वाढते. बारमाही टायर या दोन टोकांच्या मधे कुठेतरी तडजोड करतो. लोक ‘सात अंशांचा नियम’ सांगतात, तो टायर बदलण्याचा दिवस ठरवायला सोयीचा ठोकताळा आहे. सात अंशांवर रबरात अचानक काही घडते असे नाही.

संध्याकाळी फ्रांकफुर्टहून साताऱ्याच्या एका तरुण मित्राचा फोन आला. त्याने विचारले, “दादा, मी बारमाही घेऊ का? माझी गाडी शहराबाहेर फारशी जातच नाही.” मी त्याला निःसंकोच होकार दिला. सपाट प्रदेश, सौम्य हिवाळा, वर्षाला कमी किलोमीटर आणि जोराचा बर्फ पडल्यास गाडी घरी ठेवून रेल्वेने जाण्याची सोय, एवढे असेल तर आल्पाइन चिन्ह असलेला चांगला बारमाही टायर ही शहाणपणाची निवड आहे. आमच्याकडे यांपैकी शेवटची गोष्ट नाही. पाळी चुकवता येत नाही आणि पहाटे त्या वेळेला पोहोचवणारी गाडी रुळांवरून धावत नाही. म्हणून स्वतंत्र हिवाळी संच घ्यायचा, आणि तोही रिमांसकट. दर सहा महिन्यांनी एकाच रिमवरून टायर काढून दुसरे चढवण्यात टायरची कड दुखावते, दर वेळी बॅलन्सिंग करावे लागते, आणि काही वर्षांत त्या मजुरीतच रिमांची किंमत निघून जाते.

२८ सप्टेंबर

कागदपत्रांचा दिवस. नोंदणीच्या प्रमाणपत्रात टायरचे एकच माप छापलेले असते. नवीन आलेल्या पुष्कळ लोकांना वाटते की तेवढेच चालते. प्रत्यक्षात निर्मात्याच्या अनुरूपता प्रमाणपत्रात, ज्याला इथे सगळे सीओसी म्हणतात, इतर मान्य मापे दिलेली असतात. आमच्या गाडीसाठी त्यात १९५/६५ आर १५, २०५/५५ आर १६ आणि २२५/४५ आर १७ ही तीन मापे आहेत.

तिन्हींचा बाहेरचा व्यास काढला. पहिल्या आकड्यातली रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा आकडा म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि तिसरा रिमचा व्यास इंचांत. १५ इंची चाकाचा व्यास ६३४.५ मिमी, १६ इंचीचा ६३१.९ मिमी आणि १७ इंचीचा ६३४.३ मिमी येतो. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. वेगदर्शक आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) यांना चाकाचा घेर ठाऊक असावा लागतो, म्हणूनच निर्माता जवळजवळ सारख्या व्यासाची मापे मान्य करतो. रिम लहान झाली की टायरची भिंत तेवढी उंच होते, एवढाच बदल.

उंच भिंत हिवाळ्यात मला हवीच आहे. बर्फाखाली झाकलेला खड्डा किंवा पदपथाची कड दिसत नाही, आणि तिथे ४५ टक्क्यांची बसकी भिंत रिमला वाचवू शकत नाही. अरुंद टायर पाण्याचा आणि बर्फचिखलाचा थर अधिक सहज कापतो. शिवाय गाडीच्या पुस्तिकेत साखळ्या ठरावीक मापांवरच लावण्याची परवानगी आहे आणि २२५/४५ आर १७ त्यांत नाही. १७ इंची पर्याय इथेच संपला. तो महागही आहे, पण स्वस्त असता तरी मी घेतला नसता.

१५ आणि १६ यांत थोडा वेळ घुटमळलो. १५ इंची संच सर्वांत स्वस्त पडला असता. परंतु ही लांब गाडी आहे, ती पाचही जणांना सामानासकट घेऊन महामार्गावरून जाते आणि त्या ओल्या डांबरावर थोडी अधिक रुंदी व थोडी ताठ भिंत मला उपयोगाची वाटते. १० मिमी रुंदीने बर्फात काही बिघडत नाही. २०५/५५ आर १६ हे माप या वर्गातल्या गाड्यांत इतके प्रचलित आहे की जवळजवळ प्रत्येक उत्पादकाचा हिवाळी टायर त्यात मिळतो. हेच ठरले.

भारांक ९१, म्हणजे प्रत्येक टायरला ६१५ किलो. वेगचिन्ह एच, म्हणजे ताशी २१० किलोमीटर. गाडीचा कमाल वेग कागदावर २१० पेक्षा थोडा अधिक आहे; हिवाळी टायरचे वेगचिन्ह गाडीच्या कमाल वेगाहून खालचे असले तरी चालते, फक्त चालकाच्या नजरेसमोर तो वेग लिहिलेली चिकटपट्टी लावावी लागते. उन्हाळी टायरना ही सूट नाही.

५ ऑक्टोबर

आता रिम. टायरपेक्षा रिमबद्दल लोक कमी विचार करतात आणि नेमकी तिथेच अशी चूक होऊ शकते की चाक निखळावे, म्हणून या नोंदीत मी सविस्तर लिहितो.

आमच्या गाडीला पाच बोल्ट आहेत आणि ते ११२ मिमी व्यासाच्या वर्तुळावर बसतात. मधल्या हबचा, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्याचा, व्यास ५७.१ मिमी. हे दोन आकडे जुळले म्हणजे रिम बसेल असे वाटते, पण तिसरा आकडा तेवढाच महत्त्वाचा आहे. त्याला इथे ईटी म्हणतात: रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांमधले मिलिमीटरमधले अंतर. तेवढ्याच रुंदीची रिम ईटी ५० ऐवजी ईटी ४० ची घेतली, तर चाक १० मिमी बाहेर सरकते, मडगार्डाला घासू शकते आणि बेअरिंगवरचा भार बदलतो. उलट आकडा फार वाढला तर चाक आत जाऊन सस्पेन्शनला किंवा ब्रेकच्या कॅलिपरला भिडते. साखळी लावायची असेल तेव्हा आतल्या बाजूची ही मोकळी जागा आणखी मोलाची ठरते.

चौथी बाब बोल्टची बैठक. श्कोडाच्या मूळ रिमांमध्ये बोल्टचे डोके ज्या जागी टेकते ती जागा गोलाकार असते. बाजारातल्या अनेक अलॉय रिमांना ६० अंशांची शंकूच्या आकाराची बैठक असते. आटे दोन्हींचे सारखेच, त्यामुळे चुकीचा बोल्टही सहज आत जातो आणि घट्ट झाल्यासारखा वाटतो; मात्र तो काठावरच टेकलेला असतो आणि काही किलोमीटरनंतर सैल होतो. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला अलॉय रिमांचा स्वस्त संच देऊ केला आणि तुमचेच बोल्ट चालतील असे लिहिले. सोबतच्या तांत्रिक कागदात बैठक शंकूची दाखवलेली होती. मी तो संच नाकारला. बाजारातल्या रिमचे मधले छिद्र बहुधा हबपेक्षा मोठे असते आणि त्यात मध्य साधणारे कडे घालावे लागते, हेही तपासून घ्यावे. शिवाय कागद: काही रिमांना सामान्य परवाना असतो आणि तो गाडीत ठेवला की पुरते, काहींना तपासणी केंद्रात गाडी दाखवून नोंद करून घ्यावी लागते.

या सगळ्या तुलनेनंतर मी निर्मात्याच्याच लोखंडी रिमा घेण्याचे ठरवले: ६ जे (म्हणजे ६ इंच) रुंदीच्या, १६ इंची, सीओसीत असलेल्या आणि पुस्तिकेत साखळीसाठी मान्य असलेल्या. मूळच्या अलॉय रिमांचा दर्शनी भाग यंत्रावर घासून चकचकीत केलेला आहे. त्यावरच्या पातळ लेपाला खडीचा एक टवका पुरतो, मग मीठ आत शिरते आणि लेपाखाली पांढऱ्या रेषा पसरत जातात. लोखंडी रिम गंजली तर वरून दिसते, वाकली तर कळते आणि बदलायला स्वस्त असते.

टायरमधील हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा १ नोव्हेंबर २०१४ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नवीन कारमध्ये सक्तीची आहे. काही गाड्यांत प्रत्येक चाकात स्वतंत्र संवेदक असतो, आणि हिवाळी संचासाठी चार नवे संवेदक विकत घ्यावे लागतात. आमच्या गाडीत एबीएसच्या संवेदकांवरून चाकाच्या फिरण्यातला फरक ओळखला जातो, त्यामुळे हा खर्च वाचला. फक्त चाके बदलून दाब भरल्यावर यंत्रणेत नवी नोंद साठवून घ्यावी लागते.

१२ ऑक्टोबर

टायरच्या निवडीत आजचा सगळा दिवस गेला, आणि मला तो आनंदाने द्यावासा वाटला. कारण इथे दोन वेगवेगळ्या प्रदेशांची बुद्धी समोरासमोर उभी आहे. हिवाळी टायरचा जन्म फिनलंडचा. आज नोकियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी पहिला हिवाळी टायर बनवला आणि १९३६ साली मोटारींसाठी हक्कापेलीटा आणला. त्या परंपरेतला आजचा नॉर्डिक टायर अतिशय मऊ रबराचा असतो, त्यावर चिरांची दाटी असते आणि त्याचे वेगचिन्ह बहुधा खालचे असते. उणे वीस अंशांत, महिनोन्महिने बर्फाने झाकलेल्या रस्त्यावर त्याला तोड नाही. मध्य युरोपीय हिवाळी टायर मात्र ओल्या, थंड डांबरासाठी आणि महामार्गाच्या वेगासाठी घडवलेला असतो. बर्फावर तो थोडे गमावतो आणि पाण्यात पुष्कळ कमावतो.

दोन्हींवर आल्पाइन चिन्ह सारखेच असते, कारण त्या चिन्हाची चाचणी दाबलेल्या बर्फावर, एका प्रमाण टायरशी तुलना करून होते. ओल्या डांबराविषयी ते काहीच सांगत नाही. युरोपीय लेबलवर १ मे २०२१ पासून बर्फाच्या पकडीचे चिन्ह आणि गोठलेल्या थरावरच्या पकडीचे वेगळे चिन्ह, अशी दोन्ही दिली जातात; दुसरे चिन्ह असलेला टायर बहुधा नॉर्डिक घडणीचा असतो आणि त्याच लेबलवर ओल्या पकडीचा वर्ग पाहिला तर तडजोड लगेच लक्षात येते. खिळ्यांच्या टायरचा तर जर्मनीत प्रश्नच नाही, ते इथे १९७५ पासून बंद आहेत.

माझ्या १८ सप्टेंबरच्या नोंदीत पहिला क्रमांक थंड, ओल्या डांबराचा आहे. त्यामुळे ओल्या पकडीचा वर्ग बी पेक्षा खाली असलेले सर्व टायर मी यादीतून काढून टाकले. स्वस्त टायरांपैकी बरेचसे इथेच गळाले. उरलेल्यांसाठी एडीएसी या जर्मन मोटारचालक संघटनेच्या चाचण्या वाचल्या. २०२३ पासून त्यांच्या एकूण गुणांत ७० टक्के वाटा सुरक्षिततेचा आणि ३० टक्के पर्यावरणाचा असतो, आणि पर्यावरणात झिजेचा मोठा भाग आहे. म्हणून केवळ एकूण श्रेणी न पाहता ओल्या रस्त्याचे आणि बर्फाचे गुण मी वेगळे काढून मांडले.

निवड मिशेलिन आल्पिन ६, २०५/५५ आर १६, ९१ एच. कारण असे की हा टायर झिजत जातो तसतशा त्याच्या नक्षीत आतल्या खाचा उघडतात. बर्फावरची पकड तिसऱ्या हिवाळ्यात किती उरते, हे माझ्या दृष्टीने पहिल्या आठवड्यातल्या पकडीपेक्षा महत्त्वाचे आहे, कारण हे टायर रोज धावणार आहेत. चारही टायर एकाच वेळी, एकाच जातीचे. पुढे ओढ असणाऱ्या गाडीला फक्त पुढेच हिवाळी टायर लावण्याचा सल्ला अजूनही ऐकू येतो; तशा गाडीचा मागचा भाग वळणावर ब्रेक दाबताच बाहेर फेकला जातो. तो सल्ला देणाऱ्याला मी प्रत्येक वेळी थांबवतो.

१९ ऑक्टोबर

साखळ्यांचा हिशेब. १५ टक्के चढावर गाडी नुसती पुढे सरकवायलाही तिच्या वजनाच्या १५ टक्के ओढ लागते. आमच्या गाडीची ओढ पुढच्या चाकांना आहे. त्यांच्यावर वजनाचा ५८ टक्के भाग धरला, तर लागणारा घर्षणगुणांक ०.२६ येतो, आणि चढावर वजन मागे सरकत असल्यामुळे प्रत्यक्षात थोडा जास्तच. घट्ट बर्फावरचा ०.३ हा आकडा चांगल्या दिवसाचा आहे. म्हणजे त्सिर्लर बेर्ग बर्फाने झाकलेला असताना उत्तम टायरही काठावरच आहे, आणि साखळी सोबत असणे ही आमच्यासाठी चैन ठरत नाही.

ऑस्ट्रियाचा नियम जर्मनीपेक्षा स्पष्ट आहे: १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी अवस्था असेल तर हिवाळी टायर हवेत आणि रेडियल टायरची नक्षी किमान ४ मिमी खोल हवी. जर्मनीत कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे, परंतु एडीएसीही ४ मिमीचाच आग्रह धरते. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बारीक कड्यांच्या, २०५/५५ आर १६ साठीच्या साखळ्या मागवल्या. त्या फक्त पुढच्या चाकांना लावायच्या आणि ताशी ५० किलोमीटरच्या वर जायचे नाही. पत्नीने आणि मी दोघांनीही कोरड्या अंगणात हातमोजे घालून त्या लावण्याचा सराव केला. अंधारात, ओल्या बोटांनी हे काम पहिल्यांदा करायची वेळ कुणावरही येऊ नये.

२६ ऑक्टोबर

चाके बसवली. इथे ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ असे म्हणतात, त्या हिशेबाने वेळ बरोबर साधली. नव्या टायरांवरचा डॉट संकेतांक याच वर्षीचा असल्याची खात्री दुकानातच करून घेतली होती.

जुनी चाके काढल्यावर प्रत्येक हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून गंज काढला, कारण गंजाच्या पापुद्र्यावर बसलेली रिम नंतर किंचित सरकते आणि बोल्ट ढिले पडतात. बोल्टच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावले नाही. आटे निसरडे झाले की त्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) बोल्ट प्रमाणापेक्षा जास्त ताणला जातो. आल्पिन ६ ची नक्षी एकाच दिशेची आहे, म्हणून भिंतीवरचा बाण पाहून डावी-उजवी चाके वेगळी केली. बोल्ट आधी हाताने, मग समोरासमोरच्या क्रमाने, आणि गाडी जमिनीवर टेकल्यावर टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटर. शेजारचे निवृत्त मेकॅनिक आजोबा शेवटपर्यंत उभे होते आणि प्रत्येक बोल्टला त्यांनी मान डोलावली.

२८ ऑक्टोबर

साधारण ५० किलोमीटर झाल्यावर टॉर्क पुन्हा तपासला. एकही बोल्ट हलला नाही. नव्या टायरवर साच्यातून काढताना वापरलेल्या द्रव्याचा थर असतो, म्हणून पहिले काही शे किलोमीटर पत्नी सौम्यपणे चालवते आहे.

२२ नोव्हेंबर

रात्री बर्फ पडला. पहाटे निघण्याआधी रिकाम्या वाहनतळावर आम्ही दोघांनी कमी वेगात जोरात ब्रेक दाबून पाहिला: पायाखाली एबीएसची थरथर जाणवते, गाडी सरळ रेषेत थांबते आणि ब्रेक दाबलेला असतानाही सुकाणू ऐकते. ही चाचणी प्रत्येक नव्या चालकाने पहिल्या बर्फात करावी, असे मला मनापासून वाटते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी झालेल्या करारामुळे महाराष्ट्रातून जी तरुण मुलेमुली इकडे येतील, त्यांना भाषेबरोबर हेही कुणीतरी शिकवले पाहिजे.

हवेचा दाब तपासला तर तो कमी भरला. कारण साधे आहे: दर १० अंश घसरणीला दाब साधारण ०.१ बारने उतरतो, आणि २० अंशांच्या गॅरेजमध्ये भरलेली हवा उणे १० अंशांत ०.३ बारने कमी दिसते. थंड टायरवर, बाहेरच्या तापमानात, गाडीवरच्या दाबाच्या तक्त्यापेक्षा ०.२ बार अधिक भरून यंत्रणेत नवी नोंद साठवली.

१२ एप्रिल २०२५

हिवाळी चाके उतरवली. जुन्या बारमाही टायरना आम्ही निवृत्त केले आहे; मूळच्या अलॉय रिमांवर आता नवे उन्हाळी टायर आहेत.

खोलीमापकाने नक्षी मोजली. पुढच्या टायरांची झीज मागच्यांपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने जास्त आहे, आणि पुढे ओढ असणाऱ्या गाडीत ते अपेक्षितच होते. अधिक खोल नक्षी मागे असावी, म्हणजे गाडीचा मागचा भाग स्थिर राहतो, हा नियम मी मानतो; परंतु फरक वाढू दिला तर एक जोडी लवकर संपते आणि चार सारखे टायर ठेवण्याचा हेतूच राहत नाही. अर्ध्या मिलिमीटरवर अदलाबदल निर्धोक आहे, दोन मिलिमीटरवर ती मी करणार नाही. म्हणून येत्या ऑक्टोबरमध्ये पुढची चाके त्याच बाजूने मागे जातील आणि मागची पुढे. बाणाची दिशा पाळायची असल्यामुळे बाजू बदलता येणार नाही.

चाके धुऊन मीठ काढले, चिरांमध्ये अडकलेले खडे उपसले आणि आतल्या बाजूला कुठे काप किंवा फुगवटा नाही हे पाहिले. रिमांवर चढवलेली असल्याने ती तळघरात, बॉयलरपासून आणि उजेडापासून दूर, एकावर एक आडवी रचली आहेत. नुसते टायर असते तर उभे ठेवून अधूनमधून फिरवावे लागले असते. प्रत्येक भिंतीवर खडूने सध्याची जागा आणि बाणाने पुढच्या हंगामातली जागा लिहिली आहे, आणि खोलीचे चारही आकडे गाडीच्या पुस्तिकेत, टायर विकत घेतल्याच्या पावतीमागे ठेवले आहेत.